बापूच्या पायाला जुळलेलं इंजिन

बारामतीत मी एकतीस वर्षं गॅरेज चालवलं. उसाच्या लॉऱ्या, विहिरीवरची ऑइल इंजिनं, ट्रॅक्टर, उतारू नेणाऱ्या खाजगी सर्व्हिस मोटारी असं सगळं माझ्या हाताखालून गेलं. लोकांना वाटतं, मिस्त्रीचं काम म्हणजे बिघाड शोधणं. बिघाड शोधणं सोपं. गाडी स्वतःच सांगत असते. गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय ते शोधणं अवघड, कारण बरेचदा ते त्यालाही ठाऊक नसतं. माळेगावचे एक शेतकरी दर बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टर घेऊन यायचे. "आवाज येतोय, बगा जरा," म्हणून गाडी माझ्याकडं सोडायचे आणि तीन तासांनी परत यायचे. मी सगळा ट्रॅक्टर उलगडून पाहिला, आवाज काही सापडेना. पुढं कळलं, त्यांची थोरली बहीण बारामतीत राहायची. घरात भांडण झाल्यामुळं तिच्याकडं उघड जायची सोय नव्हती. तेव्हापासून मी ट्रॅक्टर सावलीला लावायचो, पाना हातात न घेता.

पण 'तुमच्या हातचं सगळ्यात चांगलं काम कोणतं?' असं कुणी विचारलं, तर मी एकच सांगतो. शर्यतीच्या मोटारीला मी एकदा इंजिन निवडलं होतं. निवडलं म्हणतो, बसवलं म्हणत नाही. बसवायला हात लागतात. निवडायला मला दोन वेळा चुकावं लागलं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. इंदापूरच्या बाजूला आनंदराव नावाचे बागायतदार होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. मोसंबीच्या बागा, थोडा ऊस, आणि पुण्याच्या मंडईला माल नेणारी स्वतःची लॉरी. एकदा माल घालून परत येताना त्यांनी पुण्याजवळ लढाईच्या काळातल्या रिकाम्या विमानपट्टीवर मोटारींची शर्यत पाहिली. हौशी लोकांचा एक क्लब ती भरवायचा. घरी बांधलेल्या गाड्यांसाठी वेगळी शर्यत असायची.

आठवड्यानं तात्या माझ्या दारात हजर. मागं दोन बैलांनी ओढत आणलेली जुनी अमेरिकन टूरिंग मोटार. टप नाही, इंजिन नाही, नुसता सांगाडा आणि चार चाकं.

"मिस्त्री, हिची शर्यतीची गाडी करायची."

"करू. पण हाकणार कोण?"

"बापू हाकनार. दुसरा कोन हाय?"

बापू त्यांच्याशेजारीच उभा होता. डाळजचा गडी, माझ्याच वयाचा. लढाईत लष्कराची लॉरी चालवायचा. वाळवंटात सुरुंगावर गाडी गेली आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. आता तिथं लाकडी पाय होता, चामडी पट्ट्यांनी बांधलेला. तो तात्यांचा ट्रॅक्टर चालवायचा, आणि असा चालवायचा की बांध कोरला जाईल पण मोडणार नाही. मी त्याच्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "माझ्याकडं काय बगतोस? गाडीकडं बग."

आता बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगतो. शर्यतीच्या गाडीला इंजिन निवडायचं म्हणजे आधी सिलिंडर किती आणि ते मांडायचे कसे, हे ठरवायचं. आमच्या आवाक्यात तीन इंजिनं होती. एक, लष्कराच्या लिलावातलं आठ सिलिंडरचं. त्यात चार-चार सिलिंडर दोन बाजूंना तिरके, मधे खाच. दुसरं, एका इंग्रजी मोटारीचं चार सिलिंडरचं, हलकं, चपळ, वर फिरवाल तेवढं जोर देणारं. तिसरं, सहा सिलिंडर एका ओळीत असलेलं, जे त्या वेळी निम्म्या लॉऱ्यांत आणि सर्व्हिस मोटारींत असायचं. तिसऱ्याचा विचार आम्ही केलाच नाही. घरच्या विहिरीच्या पाण्याला कोण सरबत म्हणतो?

तात्यांना आठच हवं होतं. "आठ म्हंजे आठ. दोन बैलांपरीस आठ बैल जास्तीच वडनार का न्हाई?"

खरं सांगायचं तर मलाही आठच हवं होतं. ते इंजिन चालू झालं की गॅरेजचे पत्रे थरथरायचे. त्या आवाजाच्या प्रेमात मी हिशोबी डोकं बाजूला ठेवलं, हे कबूल करतो. तीन आठवडे खपून आम्ही ते सांगाड्यात बसवलं आणि इंदापूरच्या रस्त्याला चाचणी घेतली. पहिले चार मैल स्वर्ग. पाचव्या मैलाला रेडिएटरचं टोपण उडालं आणि वाफेत बापू दिसेनासा झाला.

त्या इंजिनाची खोड अशी, की जळलेला धूर बाहेर जायची वाट ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ठोकळ्याच्या पोटातूनच, पाण्याला चिकटून जाते. थंड मुलखात चालून जातं. आमच्याकडच्या चैत्रात नाही. मी मोठा रेडिएटर बसवला, पंखा बदलला. मग सातव्या मैलाला उकळलं. तिसऱ्या चाचणीला बापूनं कालव्यातून घागरीनं पाणी आणून ओतलं आणि म्हणाला, "मिस्त्री, हिला शर्यतीत घालायची का चहाच्या हाटेलात?"

आठ उतरलं. चार चढलं.

ते चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे माझी शान. रहीमभाई नावाचे लेथवाले कारागीर होते बारामतीत, त्यांनी जोडपट्ट्या अशा कातून दिल्या की फट भरायला एक शिमची पत्रीसुद्धा लागली नाही. गाडी चाबकासारखी पळायची. तात्या रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवायचे. मी मनात म्हणालो, झालं. जिंकलो.

चौथ्या-पाचव्या चाचणीनंतर तात्या निघून गेले, तरी बापू गाडीतून उतरेना. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मला वाटलं, ऐट करतोय. जवळ गेलो तर त्याचा चेहरा राखेसारखा. डाव्या पायाकडं पाहिलं. लाकूड जिथं मांसाला लागतं तिथं धोतर रक्तानं भिजलं होतं.

मी खाली बसलो. कारण लगेच कळलं, आणि ते आधी कळायला हवं होतं. चपळ इंजिन फार वर फिरवल्याशिवाय जोर देत नाही. म्हणजे प्रत्येक वळणाला खालचा गिअर, वळणातून बाहेर आलं की पुन्हा वरचा. दर बदलाला क्लच, आणि क्लच डाव्या पायाला. तो पाय दाबायला बापूला सगळी मांडी वापरून लाकूड ढकलावं लागायचं. जुने ड्रायव्हर क्लच न दाबताही गिअर टाकतात, बापूलाही येत होतं, पण वळणावर दोन गाड्यांच्या मधे असताना ते साधत नाही. मी इंजिन निवडलं होतं रस्त्यासाठी. चालवणाऱ्यासाठी निवडलंच नव्हतं.

"किती दिवस चाललंय हे?"

"पयल्या दिसापास्नं."

"मला बोलला का नाहीस?"

"तात्यास्नी सांगू नगंस," तो म्हणाला. "ते मानूस चांगलं हाय. पर पाय बगितला तर पुन्याचा एखादा ड्रायव्हर बगतील. मला ही गाडी हाकायचीय, शंकर. लढाईतनं आल्यापास्नं कुनी माझ्याकडं बगून 'हा पळवील' असं म्हनलं न्हवतं. पयल्यांदा म्हनलं."

मी त्याला शब्द दिला आणि क्लच हातानं ओढायचा करून पाहिला. पण वळणावर दोन्ही हात स्टिअरिंगला लागतात. दोन दिवस मी कामावर लक्ष नसल्यासारखा हिंडलो. एका लॉरीत तेल घालायचं विसरलो, हे त्या लॉरीवाल्यानं अजून मला माफ केलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी एका कामासाठी वालचंदनगरला जायचं होतं म्हणून सर्व्हिस मोटारीत बसलो. गाडी शिगोशीग भरलेली, टपावर पोती. पुढं शेळ्यांचा कळप आला. ड्रायव्हरनं वेग चालण्याइतका कमी केला, एका हातानं तोंडातलं पान सारखं केलं, शेळ्या बाजूला झाल्यावर पाय दाबला आणि गाडी निघाली. गिअरच्या दांड्याला त्यानं हात लावला नव्हता. मी पुढं सरकून विचारलं, "वरच्याच गिअरवर हाय?"

"हितनं वालचंदनगरपत्तूर वरच्याच गिअरवर," तो म्हणाला. "सहा शिलिंडर हायती बाबा. ह्यो नवरा हळू चालला तरी रुसत न्हाई."

मी पुढच्या थांब्यावर उतरलो आणि उलटा आलो. वालचंदनगरचं काम राहिलं ते राहिलंच.

लांब पिस्टनचाल असलेलं सहा सिलिंडरचं इंजिन हळू फिरतानाच ओढायला लागतं. एकामागून एक सहा धक्के इतके जवळजवळ येतात की मधे खंड पडत नाही. सुरुवातीला गिअर टाकायचे, एकदा वरचा पडला की शर्यत संपेपर्यंत डावा पाय मोकळा. वरचा वेग कमी मिळेल, नाक जड होईल, पण बापूला फक्त वळणाकडं बघता येईल.

तात्यांना सांगितलं तेव्हा ते लालबुंद झाले. "उसाच्या लॉरीचं इंजिन? मी शर्यतीला चाललोय का कारखान्याला? लोक काय म्हनतील?"

"तात्या, गाडी बापू हाकणार असेल तर इंजिन हेच. दुसरं पाहिजे असेल तर गाडी पुण्याला न्या, मी राग धरणार नाही."

"पर का?"

मी हातातला पाना पुसायला लागलो. बापूला शब्द दिला होता. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग अंगणात झाडाखाली बसलेल्या बापूकडं पाहिलं. तो पाय लांब करून बसला होता आणि पट्टा सैल करत होता. तात्या एवढंच म्हणाले, "बसवा." पुण्याच्या ड्रायव्हरचं नाव त्यांनी कधी काढलं नाही.

एका मोडीत निघालेल्या लॉरीचं इंजिन आणलं. रहीमभाईंनी हेड घासून खाली घेतलं, म्हणजे दाब वाढतो. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनामागचं जड चाक, कातून हलकं केलं. मी एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर लावले. या इंजिनाची एक दुखरी नस होती आणि ती मला ठाऊक होती. पिस्टन आणि क्रँक यांना जोडणाऱ्या रॉडला तेल पंपानं मिळत नाही. रॉडच्या बुडाला चमच्यासारखी पट्टी असते, ती तेलात बुडते आणि तेल उडवते. इंजिन फार वेगानं फिरलं की चमच्यात तेल येत नाही. मग बेअरिंगचं मऊ व्हाइट मेटल वितळतं, रॉड सुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. रहीमभाईंनी सहाही रॉडला नवं व्हाइट मेटल ओतलं, उंचवटे दिसावेत म्हणून मी निळा रंग लावून दोन दिवस ते खरवडत बसलो. तरी भीती गेली नाही. मी बापूला सांगितलं, "काटा सत्तर मैलांच्या वर न्यायचा नाही. काही झालं तरी."

"सत्तर. बरं," बापू म्हणाला.

शर्यतीच्या दिवशी आम्ही विमानपट्टीवर पोचलो तेव्हा आमची गाडी पाहून दोन-तीन जण हसले. ते चाललं असतं. पण गाड्या तपासणाऱ्यांच्या टेबलाशी एक डॉक्टर होते. त्यांनी बापूला चालताना पाहिलं आणि नाव खोडायला पेन उघडलं.

"यांना क्लच दाबता येणार नाही. दुसऱ्यांच्या जिवाला धोका आहे."

तात्या आवाज चढवायला लागले. मी त्यांना मागं सारलं. डॉक्टरांचं चुकत नव्हतं. बापूच्या जागी दुसरा असता तर मीही तेच म्हणालो असतो. मी म्हणालो, "साहेब, त्याला क्लच लागतो फक्त निघताना आणि थांबताना. तुम्ही शेजारी बसा. तीन फेऱ्या मारू द्या. त्यात त्यानं निघाल्यावर पुन्हा क्लचला पाय लावला, तर मी स्वतः गाडी ओढून नेतो."

डॉक्टर भला माणूस. टोपी काढून बाजूच्या फळकुटावर बसले. बापूनं गिअर टाकले आणि निघाला. पट्टीच्या टोकाला एक वळण होतं, जवळजवळ उलट फिरवणारं. बाकीच्या गाड्या तिथं गुरगुरत गिअर बदलायच्या. आमची गाडी वेग कमी करून शांतपणे वळली आणि तशीच ओढत बाहेर आली. तीन फेऱ्यांनी डॉक्टर उतरले. केस उडालेले, चष्मा एका कानावर.

"मी त्यांच्या पायाकडंच बघत होतो," ते म्हणाले. "हलला नाही." आणि त्यांनी पेन बंद केलं.

शर्यत दहा फेऱ्यांची, अकरा गाड्या. वळणावर बापू एकेकाला गाठत गेला. सातव्या फेरीला तो पहिला होता. मी तात्यांचा दंड इतका आवळला होता की दुसऱ्या दिवशी त्यांनी वळ दाखवला. पण सरळ पट्टीवर मागची एक छोटी इंग्रजी गाडी दर फेरीला जवळ यायची. शेवटच्या फेरीत, शेवटच्या सरळ तुकड्यात ती बाजूनं निघून गेली. आम्ही दुसरे आलो.

बापू उतरला. "काटा सत्तरावर हुता. एकुणसत्तर न्हाई, एकाहत्तर न्हाई."

तात्या तर पहिले आल्यासारखे नाचत होते. डाळजपासून इंदापूरपर्यंत त्यांनी पेढे वाटले. मीही हसत होतो. चार दिवसांनी गॅरेजात इंजिन उघडलं. बापू शेजारी पेटीवर बसला होता. मी पहिल्या रॉडचं बेअरिंग काढून उजेडात धरलं. मग दुसरं. सहाही तशीच, मी खरवडली होती त्या दिवशीसारखी गुळगुळीत. एक ओरखडा नाही.

ते इंजिन अजून बरंच पळालं असतं. पंचाहत्तर तर नक्कीच. त्या इंग्रजी गाडीनं आम्हाला गाठलं नव्हतं, माझ्या भीतीनं गाठलं होतं. बेअरिंग बापूच्या हातात दिलं आणि म्हणालो, "मी तुला हरवलं."

त्यानं त्यावरून अंगठा फिरवला. "मला तवाच वाटलं हुतं. आवाज मोकळा हुता त्याचा."

"मग दाबला का नाहीस?"

"तू न्हाई म्हनला हुतास." बेअरिंग मला परत देत तो म्हणाला, "इंजिन तुजं, पाय माजा. तू माज्या पायाचं ऐकलंस, मी तुज्या इंजिनाचं ऐकलं."

आजही ती शर्यत आठवली की आनंद होतो आणि त्याच वेळी काळजात काहीतरी टोचतं. मिस्त्रीनं सावध असावं हे खरं. पण आपण केलेल्या कामावर आपलाच भरवसा नसेल, तर दुसऱ्यानं कशाला ठेवावा?

दुसऱ्या वर्षी शर्यत पुन्हा भरली. मधल्या काळात मी रॉडचे चमचे थोडे लांब केले, तेलाची पातळी वाढवली. इंजिन तेच, सरळ सहा. डॉक्टर होते. त्यांनी बापूचं नाव न विचारता लिहिलं. निघायच्या आधी बापूनं हातमोजे चढवले आणि माझ्याकडं पाहिलं.

"किती?"

मी वर्षभर या प्रश्नाची तयारी केली होती. म्हणालो, "आकडा नाही. तुला ऐकू येतं. ऐक आणि पळव."

तो नुसता हसला. गेल्या वर्षीपेक्षा गाड्या जास्त होत्या आणि ती छोटी इंग्रजी गाडीही होती. चौथ्या फेरीला बापू पुढं आला. सरळ पट्टीवर ती गाडी पुन्हा मागून यायला लागली. आणि मग आमच्या इंजिनाचा आवाज बदलला. वर चढला. पुढच्या फेरीला अजून वर. त्या आवाजात माझं दोन दिवसांचं खरवडणं, रहीमभाईंचं लेथ, सगळं होतं. इंग्रजी गाडी जवळ येऊ शकली नाही. शेवटची रेघ बापूनं चांगली चाळीस हात आधी ओलांडली.

रेघ ओलांडून तो शंभर पावलं गेला असेल, तेवढ्यात घणानं ऐरण फुटावी असा आवाज झाला आणि गाडीखालून काळं तेल सांडत गेलं. गाडी घसटत थांबली. मी धावलो. माझ्या मागून तात्या, हातात धोतराचा सोगा. बापू तेलाच्या डबक्याशेजारी पाय पसरून बसला होता आणि हसत होता, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"अठ्ठ्याऐंशी," तो म्हणाला. "आता खरा आकडा कळला."

बॉनेट उघडलं. ब्लॉकच्या बाजूला मूठ जाईल एवढं भोक, त्यातून तुटका रॉड बाहेर डोकावत होता. तात्यांनी वाकून आत पाहिलं. पहिलं आल्याचं बक्षीस घ्यायला लोक हाका मारत होते, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं. मला वाटलं, आता ते आठ सिलिंडरचं नाव काढणार.

"मिस्त्री," ते म्हणाले, "फुडल्या साली कुठलं इंजिन बसवायचं?"

"हेच," मी म्हणालो. "फक्त भोकाला ठिगळ आणि रॉड नवे."